बाटलीभाऊ आणि अडलेले व्याही

आयुष्यात दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाला अख्खी वसाहत ‘बाटलीभाऊ’ म्हणते, याला दैवाची थट्टा म्हणायचं की आमच्या वसाहतीची, हे तुम्हीच ठरवा. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, केव्हाच ठरवून टाकलंय. एकदा किराणा दुकानात त्या साखर घेत असताना रस्त्यावरून कुणीतरी भाऊंना हाक मारली, “काय बाटलीभाऊ, आज लवकर सुटलात?” तर दुकानदाराच्या बायकोने वहिनींकडे इतक्या करुणेने पाहिलं की वहिनी साखर गल्ल्यावरच ठेवून घरी आल्या.

“लोकांच्या नवऱ्यांना कशी छान छान नावं पडतात,” त्या म्हणाल्या. “कुणाला मास्तर, कुणाला वकीलसाहेब. माझ्याच कपाळी मेली बाटली!”

भाऊंनी पिशवी उचलली आणि साखर आणायला निघाले. ते मुळातच मोजकं बोलतात. ज्याच्या हातून रोज गावाची गुपितं जातात त्याने तोंडाला झाकण लावूनच जगावं लागतं.

आमच्या गावाबाहेर अणुवीजकेंद्र आहे. अणू फोडून वीज काढायची म्हणजे फोडणारा शुद्धीत हवा, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. म्हणून तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाची दारूची आणि नशेच्या पदार्थांची तपासणी होते. कुणाची कधी, हे संगणक ठरवतो. रोज सकाळी तो आपल्या मर्जीने काही नावं काढतो. त्याला साहेब कळत नाही, शिपाई कळत नाही, कुणाचा कोण मेहुणा आहे तेही कळत नाही. नाव निघालं की फोन जातो, आणि फोन गेला की असेल ते काम दुसऱ्याच्या हाती सोपवून फाटकाशेजारच्या बुटक्या इमारतीत बाटलीभाऊंच्या खोलीत हजर व्हायचं. आधी यंत्रात फुंकायचं, मग कपात लघवी करून द्यायची. तो नमुना भाऊ देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्यांत ओततात, सील करतात, त्यावर त्याची सही घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. आता कळलं ना नाव कुठून पडलं?

त्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि पिण्याच्या पाण्याचा कूलर आहे. आतल्या बाजूला एक स्वच्छतागृह. पण काय त्याचा थाट! आत नळ नाही. कमोडच्या भांड्यातलं पाणी शाई ओतल्यासारखं निळंशार. कुणाला त्यातलंच पाणी मिसळून कप भरायची बुद्धी झाली तर चोरीला रंग फुटावा म्हणून. टाकीच्या झाकणाला चिकटपट्टी. साबण बाहेर. आणि कपावर तापमानाची पट्टी, म्हणजे माल आत्ताचा आहे की घरून बांधून आणलाय ते लगेच कळतं. एका फिटरने मागे बायकोच्या औषधाच्या बाटलीतून असाच ‘माल’ आणला होता. भाऊंनी पट्टीकडे पाहिलं, मग फिटरकडे पाहिलं, आणि अत्यंत काळजीने विचारलं, “थंडी वाजतेय का हो तुम्हाला?” फिटरने तिथेच खुर्चीत बसून सगळं कबूल केलं.

इतकी वर्षं हेच काम केल्यावर ते अंगात मुरणारच. घरी उरलेली भाजी फ्रिजमध्ये ठेवताना भाऊ डब्यावर चिकटपट्टी लावतात, तारीख घालतात आणि पट्टीवर आडवी सही करतात. “माझ्याच घरात कालची भाजी उघडायला मला तुमची परवानगी लागते,” वहिनी म्हणतात, “आणि पट्टी फाटली की हे विचारतात, साक्षीदार कोण होता?”

पण गंमत गेली की यातली एक बोच उरते. भाऊंना कुणी घरी बोलवत नाही. बोलावलंच तर त्यांची चाहूल लागताच पेले सोफ्याखाली जातात, कुंड्यांमागे जातात. एका वाढदिवसाला यजमान इलेक्ट्रिशियनने घाबरून आपला पेला माशांच्या टाकीत रिकामा केला. मासे दुसऱ्या दिवशी दुपारी उठले म्हणे. भाऊ अशा वेळी दारातच उभे राहून म्हणतात, “अहो, सुट्टीचा दिवस आहे. घ्या की. कामावर घेऊन येऊ नका म्हणजे झालं.” पण तोवर मंडळी सरबतावर आलेली असतात आणि सरबत पिणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जी कळा असते ती असते. मग भाऊ आणि वहिनी लवकरच निघतात. पाठीमागे दार लागलं की आतून हसण्याचा आवाज येतो. तो वहिनींनाही ऐकू येतो.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं.

मुलगी हुशार. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिच्या दुकानात शाळेत गणित शिकवणारा एक मुलगा, डोळे ठणठणीत असताना, नंबर काढून घ्यायला वारंवार यायला लागला. तीही दर वेळी त्याला खुर्चीत बसवून अक्षरं वाचायला लावू लागली. असं करता करता दोघांना जे दिसायचं ते स्वच्छ दिसलं. मुलाच्या आईला मुलगी मनापासून आवडली. घोडं अडलं ते मुलाच्या वडिलांपाशी.

मुलाचे वडील म्हणजे वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममधले सर्वांत जुने शिफ्ट इनचार्ज. त्यांना सगळे गंभीरराव म्हणतात. हा माणूस हसला तर कुठेतरी धोक्याची घंटा वाजेल, असा कंट्रोल रूममध्ये समज आहे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, कारकिर्दीवर एक डाग नाही, शर्टावरही नाही.

“मुलगी चांगली आहे,” गंभीरराव घरी म्हणाले. “पण तिचे वडील...”

“वडिलांचं काय?” काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने विचारलं.

“ते मला ओळखतात.”

“मग बरंच झालं की!”

“तसं नव्हे,” गंभीरराव म्हणाले. “फार ओळखतात.”

अखेर काकूंच्या रेट्यापुढे मान तुकवून ते रविवारी चहाला जायला तयार झाले. चहा प्यायचा, माणसं पाहायची आणि हो की नाही ते तिथेच सांगून टाकायचं. निरोप आला तशी वहिनींनी घर धुवून काढलं, पडदे बदलले आणि नवऱ्याला बजावलं, “रविवारी डब्यांवरच्या पट्ट्या दिसता कामा नयेत. आणि त्यांच्यापुढे बाटली हा शब्द नको.”

भाऊंनी मान डोलावली. आणि शुक्रवारी सकाळी संगणकाने नाव काढलं: गंभीरराव.

पुढे जे झालं ते भाऊंनी कुणाला सांगितलेलं नाही, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर त्यांच्या नोकरीवर यायचं. ते गंभीररावांनीच हल्ली सगळ्यांना ऐकवलंय.

नाव पाहताच भाऊंनी सुरक्षा विभागाच्या बाईंना फोन लावला. आपल्या नातेवाइकाचा नमुना आपण घ्यायचा नाही असा नियम आहे, आणि भाऊंना नियमाची कड नेमकी कुठे संपते ते विचारायचं होतं.

“नातं काय तुमचं?” बाईंनी विचारलं.

“सध्या काही नाही. रविवारी चहा आहे.”

“लग्न ठरलंय?”

“नाही. चहा झाला की ठरेल. किंवा मोडेल.”

“चहा म्हणजे नातं नव्हे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या जागी नमुना घेणाऱ्या नर्सबाई आज रजेवर आहेत. घ्या तुम्हीच.”

गंभीरराव आले. घड्याळ, किल्ल्या, पाकीट, रुमाल, सगळं त्यांनी ट्रेमध्ये उंचीप्रमाणे ओळीत मांडलं. यंत्रात फुंकलं. भाऊ म्हणाले, “शून्य, साहेब.” गंभीरराव म्हणाले, “अपेक्षित.” मग कप घेऊन ते आत गेले.

बराच वेळ झाला. भाऊ दाराबाहेर उभे होते, नेहमीसारखे. मग दार उघडलं आणि कोरडा कप हातात धरून गंभीरराव बाहेर आले.

“येत नाहीये.”

“होतं असं, साहेब.”

“माझं होत नाही असं.”

कारणं होती. फोन यायच्या थोडंच आधी ते जाऊन आले होते, हे एक. दुसरं कारण दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही त्याचा उच्चार केला नाही: दाराबाहेर मुलीचा बाप उभा होता. जगभर मुलाच्या बापापुढे मुलीच्या बापाने जरा वाकून उभं राहायचं असतं, आणि इथे मुलाच्या बापाला चहाच्या दोन दिवस आधी त्याच्या हातात कप भरून द्यायचा होता.

भाऊंनी नियम सांगितला. सांगणं भाग होतं. नमुना आला नाही तर तीन तास थांबायचं. पाणी मिळेल, पण बेताचं. खोली सोडायची नाही. तीन तासांत जमलं नाही तर ‘नमुना देण्यास नकार’ असं लिहायचं. नकार म्हणजे दारू पिऊन आल्यासारखंच. पास तिथल्या तिथे जमा. मग डॉक्टर तपासून काय ते ठरवतील, पण तोवर कंट्रोल रूमच्या खुर्चीत दुसरा बसलेला असेल आणि बातमी गावभर झालेली असेल.

गंभीरराव पेलाभर पाणी प्यायले. दोघे समोरासमोर बसले. रविवारी ज्या भेटीसाठी पडदे बदलले होते ती भेट पडदे नसलेल्या त्या खोलीत सुरू झाली.

“तुमची मुलगी डोळे तपासते,” गंभीरराव म्हणाले.

“हो, साहेब.”

“माझ्या मुलाच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.”

“तिला ठाऊक आहे. तरी दर वेळी नीट तपासून पाठवायची.”

गंभीररावांनी हे पचवलं. मग म्हणाले, “आणखी पाणी?”

“अर्धा पेला मिळेल, साहेब. एकदम फार देता येत नाही.”

व्याही होऊ घातलेल्या माणसाला पाणी मोजून देणारा मुलीचा बाप आमच्या वसाहतीने तोवर पाहिला नव्हता. भाऊंचे कान लाल झाले होते, पण पेला अर्धाच भरला.

दुसऱ्यांदा गंभीरराव आत गेले. मग आतून आवाज आला, “भाऊ, तुमचं उभं राहणं ऐकू येतंय.”

भाऊ खुर्चीत बसले.

“आता बसणं ऐकू येतंय.”

ते बाहेर आले. घड्याळ आपल्या गतीने पुढे चाललं होतं. भाऊंनी आपली ठेवणीतली युक्ती काढली: कूलरचा नळ बारीक सोडून पाण्याची धार वाजती ठेवायची. भलेभले त्या आवाजाला वितळतात. पण गंभीररावांनी विचारलं, “हे नियमात आहे?”

“नाही असंही नाही, साहेब.”

“मग नको.”

नळ बंद झाला. थोड्या वेळाने गंभीरराव म्हणाले, “एक विचारतो. वेळ संपली तर तुम्ही काय लिहाल?”

“नकार, साहेब.”

“मी परवा तुमच्या घरी येणार आहे.”

“या की. घर धुवून ठेवलंय.” भाऊंनी टेबलावरचं पेन सरळ केलं. “पण लिहीन नकारच.”

गंभीररावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची घड्याळाकडे वळवली. मुलीच्या लग्नाची वाट आपण आपल्या हाताने बंद केली, असं भाऊंच्या मनाने घेतलं. ते उठून उगाच टेबल पुसू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. कंट्रोल रूममधून गंभीररावांच्या जागी बसलेला इंजिनिअर बोलत होता. त्याला एका कपाटाची किल्ली सापडत नव्हती. भाऊंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

“किल्ली डाव्या खणात आहे,” गंभीरराव म्हणाले.

“किल्ली डाव्या खणात,” इंजिनिअर म्हणाला.

“बरोबर. कपाट उघडा.”

“कपाट उघडतो.”

“बरोबर.”

कंट्रोल रूमची ही रीतच आहे. एकाने आज्ञा द्यायची, दुसऱ्याने ती जशीच्या तशी परत म्हणायची, पहिल्याने ‘बरोबर’ म्हणायचं, आणि मगच हात बटणाला लावायचा. ऐकण्यात चूक नको म्हणून. गंभीररावांनी ही रीत घरीही नेलीय. काकूंनी “दिवा लावा” म्हटलं तर ते “दिवा लावतो” म्हणून उभेच राहतात आणि काकू ‘बरोबर’ म्हणेपर्यंत घरात अंधार असतो.

भाऊंनी एक गोष्ट पाहिली. सकाळपासून कानाला टेकलेले गंभीररावांचे खांदे त्या दोन वाक्यांत खाली आले होते. कपाळावरची आठी गेली होती. माणूस आपल्या घरी आल्यासारखा झाला होता. फोन बंद झाला आणि खांदे परत वर गेले.

तिसऱ्यांदा गंभीरराव आत गेले, कडी लागली, आणि मग मितभाषी भाऊंनी बाहेरून घसा खाकरून कधी न काढलेल्या आवाजात हुकूम सोडला:

“स्वच्छतागृह एक. तयार आहात?”

आत क्षणभर काहीच नाही. मग सवयीने उत्तर आलं, “स्वच्छतागृह एक. तयार आहे.”

“बरोबर. कप डाव्या हातात घ्या.”

“कप डाव्या हातात घेतो.”

“बरोबर. झडप उघडा.”

पुन्हा शांतता. भाऊंनी जीभ चावली. शिफ्ट इनचार्जला आपण काय बोललो हे! मग आतून, किंचित घसरून सावरलेल्या आवाजात, “झडप... उघडतो.”

“बरोबर.”

आणि धार लागली. भाऊंनी भिंतीला हात टेकला.

“प्रवाह सुरू,” आतून घोषणा झाली.

“प्रवाह सुरू,” भाऊंनी पुन्हा म्हटलं.

“बरोबर.”

“पातळी कळवा.”

“पातळी खुणेच्या वर.”

“बरोबर. झडप बंद करा.”

“त्याला वेळ लागेल,” गंभीरराव म्हणाले. “पाणी फार पाजलंत.”

पट्टी योग्य तापमान दाखवत होती. बाटल्या सील झाल्या, सह्या झाल्या. गंभीररावांनी ट्रेमधलं सामान उंचीप्रमाणे खिशात घातलं आणि भाऊंकडे न पाहता, निरोपही न घेता निघून गेले.

घरी आल्यावर भाऊंना जेवण जाईना. “काय झालं?” वहिनींनी विचारलं. “काही नाही.” “कुणी काही बोललं?” “सांगता येत नाही.” “ते लोक रविवारी येणार आहेत ना?” “तेही सांगता येत नाही.” वहिनींनी कपाळावर हात मारला. “बाईने लग्न करावं तर बोलणाऱ्या माणसाशी. तुमच्यापेक्षा तुमच्या डब्यांवर जास्त मजकूर असतो!”

रविवारी ते आले. काकू पुढे, मुलगा मधे, गंभीरराव मागे. चहा झाला, बिस्किटं झाली. काकूंचं आणि वहिनींचं पाचव्या मिनिटाला मेतकूट जमलं. मुलगा आणि मुलगी एकमेकांकडे न बघण्याची इतकी कसोशी करत होते की बघणाऱ्याला हसू यावं. शेवटी काकूंनी नवऱ्याला कोपर मारलं.

गंभीररावांनी कप खाली ठेवला. “मुलगी पसंत आहे. घर पसंत आहे. माणसं...” ते थांबले. “माणसं विशेष पसंत आहेत. माझी एक अट आहे.”

अट म्हटल्याबरोबर वहिनींच्या डोळ्यांपुढे जगातल्या सगळ्या अटींची वरात निघाली.

“लग्न माझ्या निवृत्तीनंतर होईल.”

“दीड वर्षाने?” काकू किंचाळल्याच. “का म्हणून?”

“कामाच्या स्वरूपाचं कारण आहे.”

“म्हणजे काय? लग्नाला तुमची अणुभट्टी येणार आहे का सुट्टी काढून?”

“बाबा,” मुलगा म्हणाला, “दीड वर्ष मी डोळे तपासून घेत राहिलो तर खरंच नंबर लागेल.”

कुणी हसलं नाही. मुलीने हातातली बशी टेबलावर ठेवली, आणि तिचा चेहरा पाहून भाऊंनी मान खाली घातली. कारण खोलीत दोनच माणसांना कारण कळत होतं आणि त्यातला एक ते होते. लग्न झालं की ते दोघे व्याही. व्याही झाले की नियम आडवा. मग पुढच्या वेळी दाराबाहेर नर्सबाई उभ्या राहणार, आणि गंभीररावांची झडप पुन्हा अडली तर दीड वर्षासाठी जन्माची कमाई पणाला लागणार.

“साहेब,” भाऊ उठले, “जरा गॅलरीत येता?”

गॅलरीत दोघे कठड्याशी उभे राहिले. खाली कुणीतरी सायकल धुवत होतं.

“तुमच्याशिवाय मला जमणार नाही,” गंभीरराव हळूच म्हणाले. “नर्सबाईंपुढे तर नाहीच.”

आता बघा, भाऊंच्या आयुष्यात हा प्रसंग पहिलाच. ज्याला पाहून लोक पेले लपवतात, रस्ता बदलतात, त्या माणसाला कुणीतरी सोडायला तयार नव्हतं. त्याच्यासाठी पोराचं लग्न लांबवायला निघालं होतं. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, चांगलंच बरं वाटलं. क्षणभर त्यांनी त्या सुखाला टेकून घेतलं. मग काचेतून त्यांना आत बसलेली लेक दिसली. ती रिकामी बशी पुसत होती.

“साहेब, इतका मान मला कुणी दिला नाही,” ते म्हणाले. “पण त्यापायी माझी पोर थांबणार नाही. थांबते म्हणाली तरी मी थांबू देणार नाही.”

“मग मी काय करू?”

“डॉक्टरांकडे जा. माणसं बाहेर असली की होत नाही, हे त्यांना आधीच सांगा. हा काही गुन्हा नाही, पुष्कळांना होतं. ते सोय करतात, नर्सबाईंनाही सांगून ठेवतात. फक्त एकदा तोंड उघडून सांगावं लागतं.”

“सांगायचं?”

“सांगायचं.”

“आणि आत यांना काय सांगू?”

“ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या तोंडाला सील आहे.”

गंभीररावांनी शर्ट नीट केला, आत गेले, मधोमध उभे राहिले आणि संकटाच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून बोलावं तशा सपाट, स्पष्ट आवाजात म्हणाले, “सूचना. बाहेर माणूस उभा असला की मला लघवी होत नाही. परवा तपासणीत अडली होती. भाऊंनी सोडवली. लग्नानंतर ते माझी तपासणी घेऊ शकणार नाहीत. अट त्यासाठी होती. सूचना समाप्त.”

वहिनींनी बिस्किटांच्या ताटलीकडे पाहिलं. मुलाने छताकडे पाहिलं. काकू मात्र फुटल्याच.

“हे होय! अहो, पस्तीस वर्षं संसार केलाय मी तुमच्याशी. प्रवासात गाडी थांबवायची, मग मी पाठ करायची, मग ड्रायव्हरने पाठ करायची, मग समोरच्या शेतातल्या गाईनेही पाठ करायची! मला वाटलं, काय भयंकर कारण आहे!”

पहिली हसली ती मुलगी. मग मुलगा. मग वहिनींनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. त्या घरात इतकी माणसं एकदम हसल्याचं शेजाऱ्यांनी प्रथमच ऐकलं. समोरच्या बाईंनी तर दार उघडून पाहिलं.

“काका,” मुलगी म्हणाली, “माझ्याकडे डोळ्यांत थेंब घालताना लोक घट्ट मिटून घेतात. मी त्यांना रागावत नाही. जरा वेळ देते. नर्सबाईही देतील.”

गंभीरराव तिच्याकडे बघत राहिले. मग खाली बसले. “ठीक आहे. निवृत्तीची अट मागे घेतो. पण एकदा त्यांच्यापुढे जमू दे. जमलं की त्याच दिवशी हॉल घ्या.”

“आणि संगणकाने नावच काढलं नाही तर?” वहिनी म्हणाल्या.

“काढेल. माझ्यावर त्याचा जीव आहे.”

सोमवारी भाऊंनी सुरक्षा विभागाच्या बाईंना कळवलं की या साहेबांशी आता सोयरीक जुळते आहे, यापुढे त्यांचा नमुना मी घेणार नाही. गंभीरराव डॉक्टरांना भेटून आले. काय बोलणं झालं ते त्यांनी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि भाऊंनी विचारलं नाही.

पुढे काही आठवड्यांनी नाव निघालं. फोन नर्सबाईंनी केला. नात्यातला माणूस इमारतीतही नको, म्हणून भाऊंना कँटीनमध्ये पाठवण्यात आलं. ते खिडकीशी चहा घेऊन बसले. खिडकीतून फाटक दिसतं: तपासणीत ज्याचं सगळं नीट झालं तो पास लावून परत आत जातो, ज्याचं नाही झालं त्याला पास देऊन बाहेरच्या रस्त्याला लागावं लागतं. चहावर साय धरली. कुणीतरी समोर येऊन बसलं, “काय बाटलीभाऊ, आज इकडे?” भाऊंनी ऐकलंही नाही. नर्सबाईंना विचारता येणार नव्हतं, त्यांना सांगता येणार नव्हतं. सकाळ सरकत होती.

मग बुटक्या इमारतीचं दार उघडलं. गंभीरराव बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती. तो चेहरा आनंदात आणि दुःखात सारखाच असतो. ते सावकाश फाटकापाशी आले, थांबले, छातीवरचा पास काढला. भाऊ अर्धवट उठून उभे राहिले.

पास यंत्राला टेकला. फाटक उघडलं. गंभीरराव आत गेले.

भाऊंनी तिथूनच घरी फोन लावला. “हॉल घेऊन टाक.”

“अगं बाई! झालं का त्यांचं?” वहिनींनी विचारलं.

“ते मला सांगता येत नाही,” भाऊ म्हणाले. “फाटक उघडलंय, एवढं दिसलं.”

“कळलं,” वहिनी म्हणाल्या आणि पर्स शोधायला पळाल्या.